माहेरची मूळरेषा

द्राक्षांची पेटी आली की डॉ. शर्वरी मगदूम आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचायची. त्या सकाळीही तिने ते वाचलं आणि पेटी न उघडता टेबलाच्या कडेला सरकवून दिली.

"पुन्हा भाऊच का?" इम्रान मुजावरने विचारलं. तो या वेदना-उपचार केंद्राचा तंत्रज्ञ. यंत्र बसवलं त्या दिवसापासून तो शर्वरीबरोबर होता, त्यामुळे तिची थट्टा करायचा त्याला जणू परवानाच होता.

"भाऊच. प्राजक्ताचा. मागच्या हंगामात तिच्यावर उपचार केले, यंदाही विसरला नाही. बहिणीचा हात बरा केल्याबद्दल आभार म्हणतोय."

"मग तोंड कशाला वाकडं? लोक डॉक्टरांना शिव्या पाठवतात, तुम्हाला द्राक्षं येतात. खा की!"

"हात प्राजक्ताचा बरा झाला. मग आभार भावाला का सुचतात? ती का नाही पाठवत?"

"ती कुठनं पाठवेल मॅडम? बाग भावाची," इम्रान म्हणाला आणि पेटी उघडून एक घड उचलून यंत्राच्या खोलीत गेला.

शर्वरीचा स्वभावच संशयी. रुग्ण बरा झाला तरी ही बाई हसण्याआधी विचारणार, का झाला? घरचे या स्वभावाला वैतागायचे, पण डॉक्टरकीत त्याचा तिला चांगलाच उपयोग झाला होता. आणि गेल्या हंगामापासून तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. तासगाव, जत, कवठेमहांकाळ, सगळीकडून बायका येत होत्या, उजवा हात दुखतो म्हणून. कुणाची बोटं आखडलेली, कुणाला पेन धरवत नाही. बरोबर भाऊ. उपचार झाला की हात मोकळा, भाऊ खूश, आणि मागाहून पेटी. सगळं इतकं गोड कसं असेल? कुठेतरी पाणी मुरत होतं.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण वेदनालेख हे यंत्र आसपासच्या जिल्ह्यांत या एकाच केंद्रात होतं. ते येण्याआधी अशा रुग्णांचे हाल कुत्रा खात नसे. एक्स-रे स्वच्छ, एमआरआय स्वच्छ, नसांची तपासणी स्वच्छ. मग डॉक्टर चष्मा काढून म्हणायचे, "काही नाहीये, मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका." म्हणजे दुखणं होतंच, वर खोटारडेपणाचा शिक्का! वेदनालेखाने हा अन्याय संपवला. डोक्यावर टोपी घातली की मेंदूतलं वेदनेचं जाळं कसं हलतंय ते पडद्यावर रेषेसारखं उमटायचं. हाताला इजा नसतानाही ती रेषा उसळायची, हाड मोडल्यावर उसळते तशीच. आता कुणाची बिशाद होती बाईला नाटकी म्हणायची? शिवाय यंत्र नुसतं दाखवून थांबत नव्हतं. सौम्य चुंबकीय स्पंदनं देऊन ते मेंदूला त्याच्या शांत अवस्थेकडे वळवायचं. या उपचाराला सगळे निवळण म्हणत. गढूळ पाणी निवळतं ना, तसं.

फक्त एक अट होती. त्या माणसाचा मेंदू शांत असताना कसा दिसतो, हे यंत्राला आधी ठाऊक हवं. तिला मूळरेषा म्हणायचे. आता अष्टौप्रहर दुखणाऱ्या माणसाची शांत घटका आणायची कुठून? त्यावर शर्वरीनेच तोडगा काढला होता आणि परिषदेत टाळ्याही मिळवल्या होत्या. लग्न झालेल्या बाईशेजारी माहेरचं माणूस बसवायचं, तिचा हात त्याच्या हातात द्यायचा आणि माहेराबद्दल बोलायचं. परसातलं झाड, आईच्या हातची आमटी, भाऊबीज. माहेराचं नाव काढलं की बाई निवळते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक! परदेशातल्या संशोधकांना हे सात जन्मांत सुचलं नसतं, असं शर्वरी मोठ्या अभिमानाने सांगायची.

पेटी आली त्याच दिवशी दुपारी वनिता मोहिते आली. चाळिशी ओलांडलेली, कवठेमहांकाळला शिवणकामाचं स्वतःचं दुकान असलेली बाई. उजव्या हाताची मूठ पोटाशी धरून ती खुर्चीच्या काठावर बसली. बरोबर अर्थातच भाऊ होता, सुहास जमदाडे, सावळजचा द्राक्षबागायतदार. त्याने बहिणीच्या पाठीशी उशी सरकवली, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं, पंखा लागतोय का विचारलं. माणूस वाईट नाही, हे शर्वरीने लगेच ताडलं. तरी तिने नजर ठेवली.

"कधीपासून दुखतंय, वनिताताई?"

"दिवाळीपासनं," सुहास म्हणाला.

"सुरुवात कुठून होते?"

"मनगटातनं कळ निघते ती पार खांद्यापर्यंत. रात्रभर डोळ्याला डोळा नाही तिच्या."

"मी त्यांना विचारतेय."

"हो, हो. सांग की वने."

"दादा म्हणतोय तसंच," वनिता म्हणाली.

शर्वरीने जुने अहवाल चाळले. स्वच्छ, सगळे स्वच्छ. तिने खुर्ची वनिताच्या जवळ ओढली. "हे बघा, तुमच्या हाताला काहीही झालेलं नाही. पण दुखणं खरं आहे, अगदी खरं. दारावरच्या घंटेचं बघा. बटण कुणी दाबलेलं नसतं, पण आतली तार चिकटली की ती वाजत राहते. दाराशी कुणी नाही म्हणून तो आवाज खोटा होत नाही. अशा वेदनेला आम्ही मनोकायिक म्हणतो. मनात काही अडकलं की कधी कधी शरीर ते बोलून दाखवतं."

वनिताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सासरी म्हणतात नाटकं करते. लग्नसराईत कुणी नाटकं करतं का हो? ब्लाउजची गिऱ्हाइकं परत गेली माझी. कात्री उचलत नाही मला."

"कोण म्हणतं नाटकं?" सुहास उसळला. "मी बघितलंय तिला कळवळताना. डॉक्टर, काय लागेल ते करा. फक्त मंगळवारच्या आत हात मोकळा झाला पाहिजे."

"मंगळवारी काय आहे?"

सुहास किंचित घुटमळला. "एक सही आहे. बागेचं हक्कसोड राहिलंय हिचं. मागं कचेरीत गेलो, तर ऐन वेळी हिची बोटं अशी आवळली की पेन धरवेना, अंगठासुद्धा उमटेना. साहेब म्हणाले, आजारी माणसाची सही घेत नाही, बरं करून आणा."

हक्कसोड! वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा कायद्याने बरोबरीचा, आणि रीतीने तो तिने हसत हसत भावाला सोडून द्यायचा. घरोघरी हे चालतं. त्याला कुणी जबरदस्ती म्हणत नाही, कारण कुणी कुणावर हात उगारलेला नसतो. आजवर आलेल्या त्या सगळ्या बायकांना हात मोकळा करून नेमकं काय करायचं होतं, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

तरी नियम तो नियम. यंत्राच्या खोलीत इम्रानने वनिताला टोपी घातली. सुहासने शेजारी बसून तिचा डावा हात हातात घेतला आणि सांगितल्याप्रमाणे बोलायला लागला.

"आठवतं का वने, विहिरीवरचं जांभळीचं झाड? तू वर चढायचीस आणि मी खाली टॉवेल पसरून उभा. आई ओरडायची, पोरीला पाडशील म्हणून."

वनिता हसली. पडद्यावरची रेषा मात्र चढायला लागली.

"टोपी सैल असेल," इम्रान म्हणाला आणि त्याने ती नीट बसवली. रेषा आणखी चढली.

"थांबवू या का?" शर्वरीने हळूच विचारलं.

"थोडं थांबा की मॅडम. या हातवाल्या सगळ्यांचं असंच होतं. आधी चढतं, मग एकदम खाली येतं. खाली आलं की मूळरेषा घ्यायची."

सुहास बोलतच होता, मनापासून. "आई गेली म्हणून माहेर गेलं असं समजू नकोस हं. मी आहे तोवर तुला दार उघडं आहे."

आणि रेषा पडली. एकदम, सपाट. वनिताच्या तोंडावरचं हसू मघासारखंच होतं, तसूभरही हललं नव्हतं.

"आली!" इम्रान म्हणाला.

"नोंद करू नकोस," शर्वरी म्हणाली. शांत होणाऱ्या माणसाची रेषा झोप येते तशी उतरते, हळूहळू, मध्येच जरा वर येत. ही वीज गेल्यासारखी पडली होती. ही बाई शांत झाली नव्हती, गप्प झाली होती. आणि यंत्राच्या लेखी दोन्ही एकच!

तिने सुहासला चहा आणायला कॅन्टीनमध्ये पाठवलं, वनिताला टोपी काढून पडायला सांगितलं आणि स्वतः आपल्या खोलीत जाऊन जुन्या रेषा उघडून बसली. प्राजक्ताची, तिच्याआधीच्या बाईची, तिच्याही आधीच्या बाईची. सगळ्यांचा आधी चढ आणि मग तो अंधार. यंत्राने मेंदूला वळवलं होतं ते याच अंधाराकडे. अगं बाई, म्हणजे आपण या बायकांचं दुखणं काढत नव्हतो, त्यांना गप्प बसायला शिकवत होतो! शर्वरीने फोन उचलला. केसपेपरवर नंबर भावाचा होता, पण प्राजक्ताने एकदा स्वतःच्या फोनवरून वेळ मागितली होती, तो नंबर सापडला.

"हात एकदम छान आहे, डॉक्टर," प्राजक्ता म्हणाली. "सहीसुद्धा लगेच झाली तेव्हा."

"आणि बाकी? बरं वाटतं ना?"

"बरंच आहे की. म्हणजे, काही वाटतच नाही. भाऊबीजेला गेले होते. पूर्वी गावाची कमान दिसली तरी भरून यायचं. यंदा नुसतं ओवाळलं आणि आले. हां, जबडा दुखतो तेवढा. सकाळी उठते तेव्हा दात इतके आवळलेले असतात की तोंड उघडत नाही. दातांच्या डॉक्टरांनी बघितलं, दात चांगले आहेत म्हणाले. याचा आणि हाताचा काही संबंध नाही ना?"

शर्वरीला खोटं बोलवेना. "या आठवड्यात येऊन जा," ती म्हणाली. "आणि प्राजक्ताताई, एकट्या या."

शर्वरी यंत्राच्या खोलीत परत आली तेव्हा वनिता छताकडे बघत पडली होती.

"वनिताताई, खरं ते सांगते. मी निवळण दिली तर संध्याकाळपर्यंत तुमचा हात मोकळा होईल आणि मंगळवारी सही होईल. पण ते दुखणं संपल्यामुळे नाही. तुम्हाला त्याबद्दल काही वाटायचं बंद होईल म्हणून. हे मलाही आत्ताच कळलं."

"मला हात पाहिजे, डॉक्टर. हात नाही तर मी कोण? दुकान आहे म्हणून सासरी चार माणसं नावानं हाक मारतात."

"सही करायची आहे का तुम्हाला?"

"त्यात काय विचारायचं? सगळ्याच बहिणी करतात."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

वनिता उठून बसली. "बाग लावली तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले आणि दादा पुण्याला शिकायला. रोपांना पाणी मी घातलंय. हंडे वाहून. त्या बागेत माझं नाव नको म्हणतात, कशाला पाहिजे तुला, सासर चांगलं आहे. पण वाटा मागितला की माहेर तुटतं हो! दिवाळीला जाऊ कुठं? आणि दादा चांगला आहे. चांगला आहे म्हणूनच तर तोंड उघडत नाही. वाईट असता तर मागंच भांडून मोकळी झाले असते."

"मग तुमच्या वतीने हात भांडतोय," शर्वरी म्हणाली. "तोंड बोललं तर कदाचित त्याला इतकं ओरडावं लागणार नाही. कदाचित, हं. एका दिवसात बरं होण्यातलं हे नाही. हाताला हळूहळू कामाची सवय लावायची, व्यायाम करायचे, बोलत राहायचं. महिने जातील. पण हात तुमचा राहील आणि वाटणंही तुमचं राहील."

तिने स्वतःच्या हाताने वनिताला टोपी घातली. "यंत्र काही करणार नाही, नुसतं बघेल. बोला."

"काय बोलू?"

"आहे ते."

वनिताने दाराकडे बघितलं. "मला सही करायची नाही," ती पुटपुटली.

रेषा अशी उसळली की इम्रानचा हात बटणाकडे गेला. शर्वरीने तो धरला. वनिता कळवळली, ओठ चावला, आणि पुन्हा म्हणाली. मग पुन्हा, या वेळी खणखणीत आवाजात. रेषा थरथरली आणि उतरायला लागली. अडखळत, मध्येच वर येत, पण खरोखरच उतरत होती. करंगळी उघडली. मग शेजारचं बोट. वनिता आपल्याच हाताकडे डोळे फाडून बघत होती, आणि हसता हसता रडत होती.

"वने, काय म्हणालीस तू?"

सुहास दारात उभा होता, हातात चहाचा ट्रे. किती वेळ उभा होता कोण जाणे. वनिताची बोटं पुन्हा मिटायला लागली. शर्वरीच्या जिभेवर शब्द आले होते, पण तिने ते गिळले. इथे डॉक्टर बोलली असती तर सगळंच फुकट गेलं असतं.

"दादा," वनिता म्हणाली. "मला सही करायची नाही. बाग तूच सांभाळ, पण माझं नाव राहू दे तिच्यात."

ट्रे टेबलावर आदळला, चहा सांडला. "मी काय कमी केलं गं तुला? बाळंतपणं केली, पोरीच्या लग्नात उभा राहिलो. एका भाऊबीजेला रिकाम्या हातानं पाठवली का तुला?"

"नाही पाठवलीस."

"मग? गावात काय सांगू? बहिणीचा विश्वास नाही माझ्यावर?"

"विश्वास आहे रे. म्हणून तर तुझ्या तोंडावर सांगतेय."

सुहास मटकन खुर्चीत बसला. त्याने दोन्ही हातांनी मान धरली. चेहरा पांढराफटक पडला होता. "डॉक्टर, इथं मागं... कुणीतरी आवळल्यासारखं होतंय. डोक्यात चढतंय."

शर्वरीने त्याची नाडी बघितली, रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला. सगळं व्यवस्थित होतं. सगळं स्वच्छ. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. त्याने मान वर करून बहिणीच्या डोक्यावरच्या टोपीकडे बोट दाखवलं.

"ते माझ्यावर चालतं का? काढून टाका हे. हिच्याबद्दल मला असलं काही वाटायला नको."

काय करायचं ते न सुचून इम्रानने सवयीप्रमाणे वनिताच्या डोक्यावरची टोपी काढली आणि तारा सरळ केल्या. मग तोही थबकला. "मॅडम, यांची मूळरेषा कुणाजवळ बसवून घ्यायची?"

बहीण कुठे शांत होते याचा शर्वरीने नियम केला होता. भाऊ कुणाजवळ शांत होतो, हे विचारायची वेळच आली नव्हती, कारण दुखणं घेऊन भाऊ कधी आलाच नव्हता.

सुहासने मात्र विचार न करता, लहानपणापासूनच्या सवयीने, बहिणीकडे हात केला. वनिता त्या हाताकडे बघत राहिली. तिचा उजवा हात मांडीवर होता, दोन बोटं उघडी, बाकीची अजून मिटलेली. तिने तो सावकाश उचलला, आणि अर्ध्यावरच थांबवला.

"हात देते दादा," ती म्हणाली. "पण हातात घेतलास की पुन्हा सही मागणार नाहीस ना?"